सोनं सरलं, नाणं उरलं

२०२५च्या जुलैमध्ये पॅरिसला जागतिक वारसा समितीचं ४७वं अधिवेशन भरलं आणि मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरीच्या पंगतीला आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही बसला. त्या आनंदात एक दुसरं नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आलं असेल. त्याच अधिवेशनात पश्चिम तुर्कस्तानातलं सार्डिस हे प्राचीन नगर आणि त्याच्या उत्तरेला पसरलेली बिन तेपेची समाधी-टेकाडंही जागतिक वारसा ठरली. सार्डिस ही लिडियाच्या राजांची राजधानी. तिच्या बाजारपेठेतून एक लहानशी नदी वाहायची आणि तिच्या वाळूत सोनं सापडायचं. ग्रीकांनी तिला पॅक्टोलस म्हटलं.

दिंडोरीहून पाहिलं तर ही नदी फार लांबची वाटते. पण पांडवलेण्यांच्या भिंतीवर कोरलेला एक हिशेब आणि गोदा-दारणेच्या संगमाजवळ सापडलेला चांदीच्या नाण्यांचा साठा, या दोन्हींचा अर्थ लावायचा तर वाट त्या नदीच्या काठापासूनच धरावी लागते.

मिडासला मिळालेला वर

नदीत सोनं आलं कुठून, याचं ग्रीकांनी दिलेलं उत्तर आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही अर्धं ठाऊक असतं. फ्रिजियाचा राजा मिडास. द्राक्ष आणि मद्य यांचा देव डायोनायसस याचा म्हातारा सोबती सायलेनस वाट चुकून मिडासच्या राज्यात आला. मिडासने त्याचा पाहुणचार केला आणि त्याला सुखरूप परत पोचवलं. देव प्रसन्न झाला आणि माग म्हणाला. मिडासने मागितलं, की मी हात लावीन त्याचं सोनं व्हावं. फांदीचं सोनं झालं, दगडाचं झालं, आणि ताटातल्या भाकरीचंही झालं. भुकेने कासावीस झालेला राजा देवाला शरण गेला. देवाने सांगितलं, सार्डिसजवळच्या नदीच्या उगमाशी जा आणि डोक्यावरून पाणी घे. मिडासने तसं केलं. त्याच्या अंगातला वर पाण्यात उतरला आणि तेव्हापासून पॅक्टोलसची वाळू सोन्याची झाली.

रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’च्या अकराव्या सर्गात ही कथा येते. सोन्याची पुतळी झालेली मिडासची लाडकी मुलगी मात्र त्यात नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॅथॅनियल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने मुलांसाठी कथा सांगताना घातली आणि पुढे तीच जगभर पसरली. जुन्या कथेतला घाव भुकेचा आहे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये पैशाची चर्चा करताना मिडासचा दाखला दिला तोही याच कारणाने. जवळ ढीगभर असूनही माणूस उपाशी मरत असेल, तर त्या ढिगाला संपत्ती म्हणायचं कसं, असा त्याचा सवाल होता.

मिडास निव्वळ दंतकथेतला नव्हता. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस असिरियाच्या दुसऱ्या सार्गोनच्या लेखांत मुश्कीचा राजा मिता भेटतो आणि तोच हा मिडास, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची राजधानी गॉर्डियन. तिथलं ५३ मीटर उंचीचं मोठं टेकाड १९५७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रॉडनी यंग यांनी खणलं. आत लाकडी दालन निघालं, साठी उलटलेल्या पुरुषाचा सांगाडा निघाला, काशाची भांडी आणि कलाकुसरीचं लाकडी सामान निघालं. सोनं मात्र नव्हतं. लाकडाच्या वलयांवरून दालनाचा काळ इ.स.पू. ७४०च्या आसपास येतो, त्यामुळे ही समाधी मिडासच्या वडिलांची असावी. ज्या घराण्याच्या नावावर सोन्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट जमा आहे, त्या घराण्याने आपल्या माणसाला काशाच्या भांड्यांसह निरोप दिला होता.

कथेतला देव द्राक्षांचा होता, हेही त्या भूमीला धरूनच आहे. पॅक्टोलस जिथून निघते त्या त्मोलस पर्वताचे उतार द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध होते. आज त्या पर्वताला बोझदाग म्हणतात आणि नदीला सार्त चाय. ती गेदिझ नदीला मिळते आणि गेदिझचं खोरं आजही बिनबियांच्या सुलताना द्राक्षांचं आणि बेदाण्याचं मोठं आगर आहे. दिंडोरी-निफाडच्या बागांत ज्याला आपण थॉम्पसन म्हणतो, ते वाण मुळात हेच. तास-ए-गणेश, सोनाका यांचं मूळही त्यातच. दिंडोरीचा बागायतदार ज्या वेलीची छाटणी करतो, तिचे भाऊबंद मिडासच्या नदीकाठी अजून फळतात.

वाळूतून शिक्का

कथा बाजूला ठेवली तर कारण साधं आहे. त्मोलसच्या परिसरातले रूपांतरित खडक आणि त्यांतल्या गारगोटीच्या शिरा झिजत, त्यांतले सोन्याचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर खाली येत. सोनं जड, म्हणून प्रवाह मंदावला की ते आधी तळाला बसे. सराफ कट्ट्यावरची धूळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे आपले झारेकरी जे करतात, तेच लिडियाचे लोक नदीच्या पात्रात करत होते.

हे सोनं निर्भेळ नव्हतं. त्यात निसर्गतःच चांदी मिसळलेली असे आणि तिचं प्रमाण कणाकणाला बदले. देणाऱ्याच्या मुठीतली धूळ आणि घेणाऱ्याच्या मुठीतली धूळ सारख्या किमतीची आहे, हे ठरवायचं कसं? प्रत्येक व्यवहाराला वजन करा, कस लावा, वाद घाला. कसोटीच्या दगडाला ग्रीक लोक लिडियाचाच दगड म्हणत, इतका हा प्रश्न त्या प्रदेशाच्या रोजच्या व्यवहारातला होता.

इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात लिडियात आणि शेजारच्या ग्रीक नगरांत त्यावर तोड निघाली. सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचे ठरावीक वजनाचे लहान गोळे करायचे आणि त्यांवर राजाचा सिंह उमटवायचा. पूर्ण स्टेटर सुमारे १४ ग्रॅमचा. त्याचा तिसरा हिस्सा ४.७ ग्रॅमचा, आणि अशा वाटण्या करत करत शहाण्णवाव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे बोटाच्या पेरावर हरवेल एवढ्या कणापर्यंत. या नाण्यांचं पृथक्करण झालं तेव्हा त्यांत सोनं साधारण ५५ टक्के भरलं. नदीचं कच्चं सोनं याहून बरंच चोख होतं. म्हणजे टांकसाळीत मुद्दाम चांदी मिसळली जात होती आणि तरीही लोक नाणं घेत होते. धातूचा कस प्रत्येकाने पाहण्याची गरज उरली नव्हती, कारण सिंह जामीन होता. मला या सगळ्या इतिहासात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. सोनं तर पृथ्वीवर पुष्कळ नद्यांनी दिलं. पॅक्टोलसच्या काठावर पत जन्माला आली.

त्यानंतरचं पाऊल लिडियाचा राजा क्रिसस याच्या काळात पडलं. हार्वर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांचं उत्खनन सार्डिसला १९५८ पासून चालू आहे. १९६८ साली नदीकाठीच जुन्या कारागिरांची वस्ती लागली. जमिनीत वाटीएवढ्या खळग्यांच्या रांगा होत्या, भट्ट्या होत्या, सोन्याचे बारीक पत्रे आणि कण होते. मधोमध सिंहांच्या मूर्ती बसवलेली सिबेली देवीची वेदी होती. इ.स.पू. सहाव्या शतकातली ही शुद्धीकरणशाळा. सोन्याचे पत्रे मीठ आणि विटकरीचा भुगा यांच्या थरांत मडक्यात भरायचे आणि सोनं वितळणार नाही इतक्याच आचेवर दीर्घकाळ तापवायचे. मिठाच्या वाफेने चांदी सोन्यातून बाहेर ओढली जाई आणि मातीत मुरे. मग शिसं वापरून ती चांदीही मातीतून परत मिळवायची. काहीच वाया जात नसे. त्यातून क्रिससने निव्वळ सोन्याचं आणि निव्वळ चांदीचं अशी दोन वेगळी नाणी पाडली. दोन्हींवर समोरासमोर सिंह आणि बैल.

हिरोडोटसने नोंदवलं आहे, की सोन्या-चांदीची नाणी पाडून वापरणारे पहिले लोक लिडियाचे आणि किरकोळ व्यापाराचे पहिले दुकानदारही तेच. सार्डिसच्या बाजारपेठेतून वाहणाऱ्या नदीचा उल्लेखही त्याचाच.

राजा गेला, वाळू रिकामी झाली

क्रिससचं वैभव फार टिकलं नाही. पूर्वेला इराणचा सायरस वर येत होता. क्रिससने डेल्फीच्या देवस्थानाला सोन्याचा सिंह आणि सोन्याच्या विटा वाहिल्या आणि कौल मागितला. हॅलिस नदी ओलांडलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल, असा कौल आला. बुडालं ते त्याचंच. इ.स.पू. ५४६च्या सुमारास सार्डिस इराण्यांच्या हाती पडलं.

जेत्यांनी टांकसाळ मोडली नाही. सिंह आणि बैलाची नाणी काही काळ तशीच पडत राहिली. मग दरायसने धनुर्धारी राजाची छबी असलेली सोन्याची आणि चांदीची नाणी काढली आणि ती थेट ग्रीसच्या बाजारापर्यंत चालली. पुढे अलेक्झांडर आला. इ.स.पू. ३३४ मध्ये सार्डिसने त्याच्यापुढे शरणागती पत्करली.

नदीचं काय झालं? इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमारास स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो, की क्रिसस आणि त्याच्या पूर्वजांची संपत्ती ज्या कणांमुळे गाजली, ते कण आता नदीत उरलेले नाहीत. सहा-सात शतकांत पॅक्टोलस रिकामी झाली. पण तिच्या काठावर निघालेली युक्ती तोवर सिंधूपर्यंत येऊन पोचली होती.

इकडच्या नद्या

सोन्याच्या नद्या आपल्या कल्पनेतही होत्या. पुराणांत मेरूजवळच्या प्रचंड जांभळीची फळं पडून त्यांच्या रसाची जंबू नदी होते आणि तिच्या काठची माती सुकून जांबूनद सोनं बनतं. महाभारताच्या सभापर्वात उत्तरेकडचे लोक युधिष्ठिराला मुंग्यांनी उकरलेलं सोनं भेट आणतात. हिरोडोटसही भारतातल्या सोनं उकरणाऱ्या मुंग्यांची हकीकत सांगतो आणि इराणच्या बादशहाला या प्रांतातून दरसाल ३६० टॅलंट सोन्याची धूळ जात असल्याचं लिहितो. कथा दोन्हीकडे फिरत होत्या, आणि धूळही. झारखंडच्या सुवर्णरेखेच्या वाळूतून आजही लोक कण वेचतात.

दिंडोरीच्या कादवेला, उनंदेला, कोळवणला हे भाग्य नाही. कारण पायाखाली आहे. सह्याद्रीचा हा सारा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, काळ्या बेसॉल्टचा आहे. कोलार-हट्टीची सोन्याची शीर त्याहून कितीतरी जुन्या खडकातली. महाराष्ट्रातही नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत सोन्याचे अंश आढळतात, पण नाशिकच्या कातळात नाहीत. या भूमीने काळी माती दिली, कापूस दिला, कापड दिलं. सोनं-चांदी बाहेरून यायची ती त्यांच्या मोबदल्यात.

नाणं मात्र सगळंच बाहेरून आलं, असं नाही. ठोक्यांच्या खुणांचे चांदीचे कार्षापण भारतात बुद्धाच्या काळाच्या आसपासच चालू होते आणि ते इथल्या रीतीने घडलेले होते. ग्रीकांबरोबर दुसरा प्रवाह येऊन मिळाला, तो राजाचा मुखवटा आणि नावाची अक्षरं असलेल्या साच्यातल्या नाण्याचा. बॅक्ट्रियाहून अपोलोडोटस आणि मिनँडर, म्हणजे बौद्ध ग्रंथांतला मिलिंद, यांची चांदीची नाणी पंजाबातून पश्चिम किनाऱ्याकडे उतरली. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात भडोचची नोंद आहे. या दोन राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून तिथे चालतात, असं तो सांगतो. रोमचं सोन्या-चांदीचं नाणं आणलं तर स्थानिक नाण्याशी बदलताना नफा होतो, हेही तो व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने लिहितो. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचला येत असे. रोमचा प्लिनी त्याच शतकात कळवळून लिहीत होता, की भारत दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

लेण्यातला हिशेब

त्या काळी भडोचवर आणि नाशिकवरही क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची सत्ता होती. पेरिप्लसही थोड्या अपभ्रष्ट रूपात त्याचं नाव घेतो. नहपानाची जेमतेम दोन ग्रॅमची चांदीची नाणी पाहावीत. एका बाजूला राजाचं मुख आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि नाव ब्राह्मीत व खरोष्ठीत. सार्डिसच्या सिंहाने सुरू केलेली जामिनकी अथेन्स, बॅक्ट्रिया, तक्षशिला अशा मजला करत सह्याद्रीच्या पायथ्याशी आली होती.

नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, आजच्या पांडवलेण्यांत, दहा क्रमांकाचं लेणं कोरवलं. त्याच्या भिंतीवरचा लेख दोन हजार वर्षं उघड्यावर वाचता येतो. तीन हजार कार्षापण त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी. आपण आकडेमोड करून पाहावी. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस बारे तेवढेच. एक नाणंही कमी-जास्त नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेख सांगतो. त्याच भिंतीवर देव-ब्राह्मणांना दिलेल्या सत्तर हजार कार्षापणांचा उल्लेख आहे, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या भावाने दोन हजार सुवर्ण. म्हणजे सोन्या-चांदीचा विनिमय दर नाशिकच्या कातळावर कोरलेला आहे.

मिडासने मागितलेलं सोनं खाता येत नव्हतं. उषवदाताने ठेवलेलं मुद्दल खायचं नव्हतंच, आणि तरीही ते दरसाल वीस माणसांच्या अंगावर वस्त्र घालत होतं. हा फरक धातूने केलेला नाही. विणकरांच्या श्रेणीवर दात्याचा, श्रेणीचा नाण्यावर, आणि निगमसभेचा नोंदीवर विश्वास होता, म्हणून तो पडला.

जोगलटेंभीचा साठा

मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आला. गौतमी बलश्रीचा लेख पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असं ती आई अभिमानाने कोरवून ठेवते. तिच्या शब्दांना पुरावा मिळाला तो १९०६ साली. गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा वरून मारलेला होता, तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनीचं चिन्ह. खालून नहपानाचं मुख आणि ग्रीक अक्षरं अर्धवट डोकावत राहतात.

राज्य बदललं होतं, वैर टोकाचं होतं, तरी नाणी वितळवली गेली नाहीत. चांदीचं वजन लोकांच्या ओळखीचं होतं. बदलायचा होता तो फक्त जामीन. सायरसने क्रिससची टांकसाळ चालू ठेवली होती, त्याच व्यवहारी शहाणपणाने सातवाहनांनी शत्रूच्या नाण्याला आपला हात लावला. लेण्याबाबतही तसंच घडलं. उषवदाताच्या ताब्यातलं शेत गौतमीपुत्राने अठराव्या राज्यवर्षी भिक्षूंना दिलं, त्याचा गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेला हुकूमही तिथे कोरलेला आहे.

दिंडोरीवरून गेलेला खजिना

सोन्या-चांदीचा एक मोठा ओघ दिंडोरीच्या मुलखातून खरोखर गेला, तो मराठ्यांच्या काळात. ऑक्टोबर १६७०च्या पहिल्या आठवड्यात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. परतीच्या वाटेवर मोगल सरदार दाऊदखान आडवा आला. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या परिसरात झालेली लढाई मराठ्यांनी जिंकली आणि खजिना सुखरूप पुढे गेला. तो खजिना राजवाड्यात पडून राहण्यासाठी नव्हता. किल्ले, घोडदळ, आरमार यांवर तो खर्ची पडणार होता. चार वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी स्वतःच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. छत्र, सिंहासन यांच्याइतकंच नाणंही राज्याचं लक्षण आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रयतेच्या हातात रोज जाणारी राजाची खूण तीच.

नाशिकशी ही परंपरा अजून जोडलेली आहे. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा विलायतेहून छापून येत. नोटेत सोन्याचा कणही नसतो. तिच्यावर एक वचन असतं आणि त्या वचनावर दिंडोरीचा शेतकरी आपली द्राक्षं व्यापाऱ्याच्या गाडीत चढवतो. सिंहाचा ठसा उमटलेल्या पहिल्या गोळ्याने जे शक्य केलं, त्याचं हे पुढचं टोक आहे.

म्हणून पॅक्टोलसची गोष्ट सोन्याच्या मोहाची म्हणून सांगून थांबू नये. नदीतलं सोनं सहा-सात शतकांत संपलं, क्रिससचं राज्य चौदा-पंधरा वर्षांत संपलं, नहपानाचं घराणं एका लढाईच्या काळात संपलं. टिकला तो ठशावरचा विश्वास, आणि तोही आपोआप टिकला नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी वजन खरं ठेवलं, नोंद खरी ठेवली, ठरलेलं व्याज ठरल्या दिवशी दिलं. गोवर्धनच्या विणकरांनी ते केलं म्हणून उषवदाताचं दान दान ठरलं. ज्या मुलखाच्या नद्यांनी सोन्याचा कणही दिला नाही, त्याने पतीचा इतका नेमका हिशेब कातळावर ठेवला आहे. तो आपल्या मुलांना शाळेच्या सहलीत लेण्यासमोर उभं करून शिकवण्याइतका मोलाचा आहे.